चालत्या गाड्याला खीळ

आमच्या घराच्या ओट्यावर एका दगडी फरशीत त्रिकोणी पट कोरलेला होता. ओट्याला इथे कुंभकोणममध्ये तिण्णै म्हणतात. पटावर तेवीस जागा, तीन वाघ, पंधरा बकऱ्या. तमिळमध्ये या खेळाला आडु पुलि आट्टम म्हणतात. महाराष्ट्रातले वाचक वाघबकरी म्हणून ओळखतील. वाघांच्या जागी आजी तीन सुपाऱ्या ठेवायची, बकऱ्यांच्या जागी चिंचोके. मी हट्टाने वाघ घ्यायची. उड्या मारून चार-पाच चिंचोके खायची, टाळ्या पिटायची, आणि थोड्या वेळाने माझे तिन्ही वाघ जागच्या जागी अडकलेले असायचे. बकरीला वाघ मारता येत नाही, असा नियमच आहे. तरी आजी बकऱ्या घेऊन जिंकायची.

ती कशी जिंकायची, हे कळायला मला पंचवीस वर्षं आणि एक परदेशी खेळ लागला.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि पुढे जी मराठी घराणी कावेरीकाठी स्थिरावली, त्यांतलं आमचं एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, हे आम्हाला लहानपणी दर पाहुण्यासमोर म्हणून दाखवावं लागे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याला नोकरीला गेले तेव्हा माझं बोलणं ऐकून मैत्रिणी विचारायच्या, "तू बखरीतून उठून आलीस का गं?" त्याच मैत्रिणींनी मला डन्जन्स अँड ड्रॅगन्स शिकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. एक जण गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, वीस पैलूंचा फासा निकाल देतो. लढाई चौकटीच्या नकाशावर. एक घर म्हणजे पाच फूट. मी पुण्याहून परतले ती नियमांची पुस्तकं घेऊनच. आता दर रविवारी दुपारी आमच्याकडे डाव बसतो: आत्येभाऊ, वहिनी, भाचा, भाची आणि शेजारचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा. बहुतेक वेळा मी विझर्ड असते, म्हणजे पोथी वाचून मंत्र शिकलेली जादूगारीण. २०२४ मध्ये नियम सुधारले गेले, पण आमच्याकडे अजून २०१४ चंच पुस्तक चालतं. खालचे आकडे त्यातले.

१. शत्रूचे प्राण मोजण्याआधी त्याच्या पाळ्या मोजा.

सुरुवातीला मी फायरबॉलशिवाय मंत्र निवडत नसे. वीस फूट त्रिज्येची आग, सहा पैलूंचे आठ फासे, सरासरी २८ इजा. एकदा चार ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, अंगावर आले. प्रत्येकाचे ५९ हिट पॉइंट. माझा गोळा बरोबर चौघांच्या मध्ये पडला, टेबलावर एकच आरडाओरडा, आणि चौघेही उभेच. पुढच्या पाळीत चार सोटे आमच्यावर आले. लागेल त्या सोट्यामागे सरासरी १३. अर्धमेला ओगरही पूर्ण ताकदीनेच मारतो.

फायरबॉल तिसऱ्या पायरीचा मंत्र; त्याच पायरीवर हिप्नॉटिक पॅटर्न नावाचा मंत्रही आहे. हवेत रंग फिरू लागतात आणि जो भुलतो तो जागीच खिळतो. ओगरचं विजडम ७, म्हणजे फाशातून २ वजा. माझा मंत्र टाळायला एकूण १५ लागतात, म्हणजे त्याला १७ किंवा जास्त पडायला हवेत. शंभरात ऐंशी वेळा तो अडकतो. चारांतले तीन ओगर आ वासून उभे, आणि उरलेल्या एकाभोवती आम्ही पाच जण. इजा शून्य, पण ती लढाई मी जिंकून दिली होती. त्या रात्री मला ओट्यावरचे चिंचोके आठवले.

२. मंत्र निवडण्याआधी जागा पाहा.

वेब म्हणजे वीस फुटी घनाएवढं कोळ्याचं जाळं. फार गुणी मंत्र, पण त्याला दोन बाजूंनी भिंत, झाड, खांब, काहीतरी घट्ट लागतं. नाहीतर ते तुमच्या पुढच्या पाळीला कोसळून संपतं. सपाट जमिनीवर पसरलं तर टिकतं, पण उंची फक्त पाच फूट. मी ते उघड्या माळावर पसरलं आणि समोरचे गार्गॉइल पंख हलवत वरून निघून आले. आत्येभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी नकाशा काढणाऱ्याला आधी प्रश्न विचारते. छत किती उंच? खांब किती अंतरावर? दाराला कडी कुठून? एकदा मी स्वतः गोष्ट सांगत होते तेव्हा दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचा मंडप डोळ्यांसमोर ठेवून नकाशा काढला. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. मंडप रथासारखा घडवलेला, दगडी चाकं, दगडी घोडे, आत खांबच खांब. भाचीने नकाशा पाहिला आणि म्हणाली, "मावशी, इथे तर जाळं कुठेही बांधता येईल." ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मला हे समजायला माळावरचा पराभव लागला होता.

३. खिंड मिळाली तर सोडू नका.

मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला लागू नये. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली ती त्यांच्याकडे माणसं जास्त होती म्हणून नव्हे. खिंडीत मोठ्या फौजेचीही मोजकीच माणसं एका वेळी लढू शकतात म्हणून. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज जंगलातल्या चिंचोळ्या वाटेत कोंडली गेली आणि खंडणी देऊन सुटली. तिथे तर मारण्यापेक्षा कोंडण्यानेच काम झालं.

आमच्या टेबलावरची खिंड म्हणजे दहा फूट रुंद बोळ. ग्रीस हा पहिल्या पायरीचा साधा मंत्र दहा फुटांचा चौकोन तेलकट करतो, म्हणजे बोळाची रुंदी बरोबर भरते. ओगरचं अंगही दोन घरं बाय दोन घरं. तो आत आला की घसरून पडण्याची शक्यता, पडला की उठायला अर्धी चाल खर्च, आणि तोवर आमचे दोन तलवारवाले त्याच्या उशाशी. मागचे ओगर रांगेत. रेशनच्या दुकानासारखे.

४. एका वेळी एकच जाळं धरता येतं.

बहुतेक अडवणारे मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर चालतात: मन एकाग्र असेपर्यंत मंत्र टिकतो, आणि असा एकच मंत्र धरता येतो. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. माझीही झाली. जाळ्यात तीन जण अडकले होते, चौथा पळत होता. मी घाईने हिप्नॉटिक पॅटर्न टाकला, चौथा रंगांना भुलून जागीच थांबला, आणि जाळं विरून गेलं. वहिनीचं पात्र त्या तिघांच्या मधोमध उभं होतं. तिने पुढचे दोन रविवार मला कॉफी दिली, पण डिकॉक्शन पातळ.

दुसरी गोष्ट: मार लागला की एकाग्रता टिकते का, यासाठी फासा टाकावा लागतो. लक्ष्य १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मं, जे जास्त असेल ते. म्हणून मंत्र टाकला की मी खांबामागे जाते. पुढे उभं राहून शौर्य दाखवणारा विझर्ड स्वतःचा नाही, सगळ्यांचा घात करतो. आणि ग्रीसला एकाग्रता लागत नाही, हे लक्षात ठेवा. जाळं धरून ठेवून वर तेल ओतता येतं. ही जोडी मला कधी सोडावीशी वाटली नाही.

५. झोपलेल्याला उठवू नका.

रंगांनी भुललेल्याला इजा झाली, किंवा कोणी हलवून जागं केलं, की त्याच्यापुरती भूल संपते. हे आमच्या भाच्याच्या गळी उतरवायला वर्ष गेलं. त्याचं पात्र आग फेकतं. समोर तीन शत्रू स्तब्ध उभे, हात लावायला मोकळे, आणि त्याला मोह आवरत नसे. प्रत्येकाला थोडं थोडं भाजून तो तिघांनाही जागं करी. जाळ्याचंही तसंच: ते पेटतं. पेटलेला भाग एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, जळून जातो. आतल्याला चटका बसतो, पण तो सुटतो.

आता आमचा ठराव आहे. अडवलेले शत्रू म्हणजे फडताळात ठेवलेलं पीठ. आज जे मळायचं तेवढंच काढायचं. जागे असलेले आधी, भुललेले मग, एकेक करून, सगळ्यांनी मिळून.

६. धुकं मारण्यासाठी नसतं.

फॉग क्लाउड टाकला की वीस फूट त्रिज्येत कोणाला काही दिसत नाही. मला वाटायचं, आता शत्रूचे वार चुकतील. तसं होत नाही. मारणाऱ्याला समोरचा दिसत नाही हा तोटा, समोरच्याला मारणारा दिसत नाही हा फायदा. दोन्ही एकमेकांना खातात आणि फासा पूर्वीसारखाच पडतो. उलट डोळ्यांनी पाहून टाकायचे आपलेच मंत्र बंद होतात. शेजारचा मुलगा बरा करणाऱ्या पुजाऱ्याचं पात्र खेळतो. त्याला धुक्यात जखमी माणूसच दिसेना.

मग धुकं कशासाठी? निसटण्यासाठी. शत्रूच्या हाताखालून निघताना जो फुकटचा वार बसतो, तो त्याला तुम्ही दिसलात तरच करता येतो. धुक्यात तो वार नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निघाले ते पावसाळी रात्री; तो अंधार आणि पाऊस लढाईसाठी नव्हता, विशाळगडाच्या वाटेसाठी होता. धुकं टाकायचं तर आधी "पळा" म्हणायचं, आणि तेही आपल्या माणसांना ऐकू जाईल असं.

७. वाघाला दोन वाटा ठेवा, दोन्ही वाईट.

हे वाक्य आजीचं. चारही बाजूंनी कोंडायला बकऱ्या कमी पडतात तेव्हा ती एक घर मोकळं सोडायची. वाघ तिकडे जायचा, आणि तिथून पुढे त्याला घरच नसायचं.

स्पाइक ग्रोथ हा मंत्र तसा आहे. वीस फूट त्रिज्येत जमिनीतून काटे येतात. आतून चालणाऱ्याला दर पाच फुटांमागे सरासरी ५ इजा, शिवाय चाल निम्मी. ओगर एरवी एका पाळीत चाळीस फूट जातो. काट्यांतून त्याला वीसच जाता येतं आणि तेवढ्यात सरासरी २० इजा होते. चाललास तर मरशील, थांबलास तर आमचे बाण आहेत. आत्येभावाचं पात्र वॉरलॉक आहे. त्याचा मंत्र लागला की समोरचा दहा फूट मागे ढकलला जातो. काटे पार करत आलेल्याला तो परत काट्यात ढकलतो. हा प्रकार इतका क्रूर आहे की भाचीने एकदा ओगरसाठी दया मागितली.

८. जिथे फासा टाळता येतो तिथे टाळा.

प्रत्येक शत्रू कशात तरी कच्चा असतो. ओगरला एन्टँगलसारख्या, गवताने पाय बांधणाऱ्या ताकदीच्या मंत्राने धरू नका. त्याचं बळ १९ आहे, गवत उपटून टाकेल. त्याच्या मनाला धरा. किडकिडीत जादूगाराला उलट गवतात बांधा; त्याच्या मनाला भूल घालायला जाऊ नका.

पण मोठा ड्रॅगन कशातच कच्चा नसतो. प्रौढ ड्रॅगनला दिवसातून तीनदा फासा हरला तरी "जिंकलो" म्हणायची मुभा आहे. माझे तीन उत्तम मंत्र एका संध्याकाळी असे वाया गेले. तेव्हापासून मोठ्या शत्रूसाठी मी भिंत ठेवते. वॉल ऑफ फोर्स: अदृश्य, कोणत्याही वाराने न फुटणारी, आणि ती उभी राहताना शत्रूला फासा टाकायलाच मिळत नाही. ड्रॅगन पलीकडे, त्याची पिलावळ अलीकडे. पिलावळ संपेपर्यंत तो भिंतीवर डोकं आपटतो. तीन वाघ एकत्र असले की पंधरा बकऱ्या पुरत नाहीत. एकेकटे असले की उरतात.

९. लहान उटी, मोठा रथ.

चित्तिरै महिन्यात आमच्या गावातल्या सारंगपाणी मंदिराचा रथ निघतो. दोर ओढायला शेकडो माणसं लागतात, पण तो अवजड रथ वळवतात आणि थांबवतात ती चाकापाशी चालणारी थोडी माणसं. त्यांच्या हातात लाकडी ठोकळे असतात, मुट्टुक्कट्टै. आपल्याकडची उटी. चाकाखाली योग्य क्षणी, योग्य कोनात ती सरकवली की देवाचा रथ वळतो. क्षणभर उशीर झाला तर ती निरुपयोगी.

मंत्रांचं तेच. पहिल्या पायरीचा ग्रीस पहिल्या राउंडला टाकला तर जे काम करतो, ते पाचव्या पायरीची भिंत चौथ्या राउंडला करू शकत नाही. आमच्या लढाया बहुधा चार-पाच राउंडांत संपतात. अडवायचं असेल तर पहिल्याच पाळीला. "आधी बघू काय होतं" असं म्हणणाऱ्या विझर्डला बघायलाच मिळतं, करायला काही उरत नाही.

१०. माणसाला खिळवू नका.

हा धडा सगळ्यात उशिरा आला. मी गोष्ट सांगत होते. खलनायकाने भाचीच्या पात्रावर होल्ड पर्सन टाकला. ती जागीच लुळी. दर पाळीला सुटण्यासाठी एक फासा, आणि तिचे तीनही फासे लागोपाठ हुकले. खेळातले ते अठरा सेकंद होते. टेबलावर पाऊण तास गेला. चौथ्या पाळीला मी तिचं नाव घेतलं तेव्हा ती ओट्यावर नव्हती. बाहेर पोरांबरोबर पळापळी खेळत होती. बोलवलं तर म्हणाली, "तिथे मला हलता तरी येतंय."

नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. पण ओगरला खिळवलं तर त्याला कंटाळा येत नाही. समोरच्या माणसाला येतो. आता खेळाडूंवर असा मंत्र टाकताना मी बाहेर पडायची एक वाट आधीच ठेवते: जाळं पेटवता येईल, भूल सोबत्याने हलवून मोडता येईल, मंत्र धरणाऱ्याला दगड मारून त्याची एकाग्रता तोडता येईल. म्हणजे अडकलेला एक जण, पण काम सगळ्यांना. खेळाडूला चालण्यापासून अडवा, खेळण्यापासून नको.

घरावर मजला चढवताना तिण्णैची ती फरशी निघाली. चिंचोके डब्यात होते. आम्ही ते ओगर म्हणून वापरतो. आजीला हे आवडलं नसतं. तिच्या मते चिंचोके नेहमी बकऱ्याच.

चालत्या गाड्याला खीळ घालणं हे मराठीत वाईट काम समजतात. तमिळमध्येही मुट्टुक्कट्टै म्हणजे अडथळा. लोकांना म्हणू द्या. पुढच्या डावाला मंत्र निवडताना एक आग कमी घ्या आणि एक खीळ जवळ ठेवा. मारणारे प्रत्येक टेबलावर चार मिळतात.